प्रदीर्घ राज्य आणि थकलेले उमेदवार

मोगल घराण्याच्या इतिहासात त्रेसष्ट या वयाचा एक चमत्कारिक योग जुळून आलेला दिसतो. अकबर बादशहा १६०५ च्या ऑक्टोबरात आग्र्यास निवर्तला तेव्हा त्याने नुकतीच त्रेसष्टी पुरी केली होती. त्याचा पणतू औरंगजेब १६८१ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपुरास येऊन दाखल झाला, आणि ज्या दक्षिणेतून त्याला पुन्हा उत्तरेकडे कधीच जाता आले नाही तिच्या स्वारीला त्याने हात घातला, तेव्हा त्याचेही वय त्रेसष्टच होते. आणि औरंगजेबाच्या हयात मुलांतील वडील जो शहाजादा मुअज्जम, तो बहादूरशहा हे नाव धारण करून १७०७ साली तख्तावर बसला तेव्हा तोही त्रेसष्टच वर्षांचा होता. ज्या वयात पणज्याचे अवतारकार्य संपले त्या वयात पणतवाने आपला सर्वांत मोठा उद्योग आरंभिला, आणि त्याच वयात त्या पणतवाच्या पुत्राला स्वतःच्या मुखत्यारीने काहीतरी करण्याची आयुष्यातली पहिली संधी लाभली.

अकबर आणि औरंगजेब या दोघांनीही सुमारे एकूणपन्नास वर्षे राज्य केले. घराणे एक, तख्त एक, राज्यवर्षांची बेरीजही जवळजवळ एक. परंतु पहिल्याच्या हातून साम्राज्य घडले, आणि दुसऱ्याच्या मागे बारा वर्षांत त्याच साम्राज्याची अशी दशा झाली की १७१९ या एका सालात दिल्लीने एकामागून एक तीन बादशहा तख्तावर चढताना पाहिले. तेव्हा एकाच माणसाच्या हाती दीर्घकाळ सत्ता राहिल्याने समाज बळकट होतो की दुबळा, हा जो वाद आपल्याकडे वारंवार रंगतो, त्यात केवळ वर्षे मोजून काही निष्पन्न होणार नाही, एवढे तरी या दोन उदाहरणांनी मान्य करावे. स्थैर्याचे भोक्ते अकबराकडे बोट दाखवितील, परिवर्तनाचे भोक्ते औरंगजेबाकडे. आणि दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतील.

मला वाटते, मोजायचीच झाली तर गादीवर बसलेल्याची वर्षे मोजण्यापेक्षा गादीच्या भोवती ताटकळत उभे राहिलेल्यांची वर्षे मोजावीत. ‘उमेदवार’ हा शब्द आज आपण निवडणुकीपुरता वापरतो. पण जुन्या दफ्तरी व्यवहारात, आज ना उद्या जागा मिळेल या उमेदीवर बिनपगारी किंवा नाममात्र वेतनावर कचेरीत राबणारा तो उमेदवार, असा त्याचा अर्थ होता. उमेदवारी ही मोठी चांगली शाळा आहे. तीत माणूस चुकतो, वरिष्ठाची बोलणी खातो, कागद पुन्हा लिहितो आणि शिकतो. मात्र तिची मुदत संपली पाहिजे. जो विशीत उमेदवार म्हणून कचेरीत शिरला आणि साठीत उमेदवार म्हणूनच उरला, त्याच्या ठायी त्या चाळीस वर्षांत विद्येचा संचय होत नाही. होतो तो फक्त धूर्तपणाचा, भीतीचा आणि वाट पाहण्याच्या सवयीचा. राज्यकर्त्याचे दीर्घायुष्य समाजाला पोखरते ते या वाटेने, असे माझे म्हणणे आहे. त्याच्या क्रौर्याने किंवा त्याच्या बुद्धिमांद्याने होणारी हानी त्या मानाने दुय्यम असते.

परंतु आधी दीर्घ राज्याच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. काही कामांना काळच लागतो. अकबराच्या राज्यात १५८० च्या सुमारास जी दहसाला पद्धत अमलात आली, तिच्यात दहा वर्षांचे पीक आणि दहा वर्षांचे बाजारभाव यांच्या नोंदींवरून सारा ठरविलेला होता; आता दर तीन वर्षांनी ज्याचा धनी बदलतो त्या दफ्तराने अशी दहा वर्षांची नोंद कोणत्या भरवशावर ठेवावी? कानूगोने लिहिलेला आकडा उद्याचा दिवाण वाचील, आणि ज्याने तो मागविला तोच बादशहा त्यावर निर्णय देईल, या विश्वासावाचून महसुलाचे काम चालत नाही. हे खरे असले तरी या युक्तिवादालाही एक खोच आहे. अकबराचा तो विख्यात तोरडमल अकबराच्या आधी शेरशहाच्या चाकरीत तयार झाला होता, आणि शेरशहाने दिल्लीवर राज्य केले ते अवघी पाच वर्षे. म्हणजे दीर्घ राज्याच्या पायात जो दगड बसला तो अल्प राज्याने घडविलेला होता.

खुद्द अकबराच्या राज्याची अखेरची पाच-सहा वर्षे पाहावीत. शहाजादा सलीम तिशी ओलांडून गेला होता. बाप काही केल्या म्हातारा होत नव्हता. १६०० साली त्याने अलाहाबादेस जवळजवळ स्वतंत्र दरबार थाटला, आणि १६०२ साली बापाचा जिवाभावाचा सल्लागार अबुल फजल याला वाटेत गाठून ठार करविले. मुराद आणि दानियाल हे दोघे भाऊ मद्यपानाने बापाच्या डोळ्यांदेखत संपले. अकबरासारख्या उदारबुद्धी, गुणज्ञ, माणसे हेरून त्यांना मोठे करणाऱ्या पुरुषाच्या घरात हे घडले. सुदैवाने—हा शब्द एखाद्याला निर्दय वाटेल, पण मी तो समजून उमजून वापरतो—सुदैवाने अकबर त्रेसष्टाव्या वर्षी गेला. आणखी पंचवीस वर्षे तो जगता तर इतिहासाने त्याच्या नावापुढे काय लिहिले असते हे सांगवत नाही.

औरंगजेबाला ती पंचवीस वर्षे मिळाली. त्याची कष्टाळू वृत्ती, साधी राहणी, कागदपत्र स्वतः वाचण्याचा हव्यास, यांविषयी त्याच्या शत्रूंनाही शंका नव्हती; आळसाने राज्य बुडविणाऱ्या सुलतानांच्या पंक्तीत त्याला बसविणे हा अन्याय होईल. परंतु १६८१ नंतरचा त्याचा दरबार म्हणजे एक अवाढव्य हिंडती छावणी होती, आणि त्या छावणीतला प्रत्येक कर्तबगार माणूस उमेदवार होता. त्याचा मुलगा शहाजादा अकबर याने वाट पाहण्याचे नाकारून बंड केले. तो संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि शेवटी इराणात परागंदा झाला. मुअज्जमाने वाट पाहिली. परंतु गोवळकोंड्याच्या वेढ्यात शत्रूशी पत्रव्यवहार केल्याच्या संशयावरून १६८७ साली बापाने त्याला कैदेत टाकले आणि सुमारे आठ वर्षे कैदेत ठेवले. बंडखोराला आणि आज्ञाधारकाला फळ जवळजवळ सारखेच मिळाले, हे बाकीच्यांनी पाहिले. वजिरी १६७६ पासून असदखानाकडे होती, ती बादशहाच्या मृत्यूपर्यंत त्याच्याकडेच राहिली. म्हणजे धनी अठ्ठ्याऐंशीचा आणि वजीर ऐंशीच्या घरातला. त्याचा मुलगा जुल्फिकारखान जिंजीच्या वेढ्यात सुमारे आठ वर्षे अडकून पडला होता, आणि त्या वेढ्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. बादशहा वारल्याची कंडी छावणीत पिकली मात्र, बादशहाचा धाकटा मुलगा कामबक्ष याने किल्ल्यातल्या राजाराम महाराजांशीच संधान बांधले, आणि असदखान व जुल्फिकार यांना त्या शहाजाद्याला अटक करावी लागली. नुसत्या अफवेने ज्या फौजेची ही अवस्था होते, ती फौज लढत नव्हती. एका म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूची वाट पाहत होती.

आता त्याच मुलखात, त्याच वर्षांत, पलीकडच्या बाजूला काय चालले होते ते पाहावे. शिवाजी महाराज १६८० साली गेले. राज्याभिषेकानंतर त्यांना जेमतेम सहा वर्षे मिळाली. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व बाळ शाहू मोगलांच्या हाती सापडले. राजाराम महाराज जिंजीस निघून गेले, म्हणजे छत्रपती शेकडो कोस दूर, वेढ्यात. १७०० च्या मार्चमध्ये तेही वयाच्या तिसाव्या वर्षी सिंहगडावर वारले, आणि चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून पंचवीस वर्षांच्या ताराबाईंनी राज्य हाती घेतले. अवघ्या वीस वर्षांत गादीवर चौथा पुरुष आला होता. स्थैर्य हेच जर समाजाच्या बळाचे मूळ असते, तर सह्याद्रीतले हे राज्य १६९० सालीच नामशेष व्हायला हवे होते. परंतु झाले विपरीत. गादी दूर असल्यामुळे, किंबहुना नसल्यासारखीच असल्यामुळे, उमेदवारांना वाट पाहण्याची सोयच राहिली नाही. रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब देऊन मुलखाचा कारभार त्यांच्यावर सोपविला गेला; शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे, धनाजी जाधव हे सर्व हुकमाची वाट न पाहता निर्णय घेणारे, चुकणारे, एकमेकांशी भांडणारे आणि तरीही काम करणारे पुरुष होते. १७०० साली ताराबाई पंचवीस वर्षांच्या होत्या आणि मुअज्जम सत्तावन्न वर्षांचा. त्या दोघांपैकी राज्य चालविण्याचा अनुभव कोणाला अधिक होता, असे मला कोणी विचारले तर मी क्षणभरही न थांबता ताराबाईंचे नाव घेईन.

याची किंमत पडली नाही असे मात्र नाही, आणि ती किंमत झाकून ठेवणे हा आपल्या इतिहासलेखनाचा एक आवडता दोष आहे. मोगलांकडे वळू पाहणाऱ्या देशमुखांना आपल्या बाजूस ठेवण्यासाठी वतने आणि इनामे द्यावी लागली. जो मुलूख अद्याप हाती नाही त्याच्याही सनदा फुटल्या. आणि शिवाजी महाराजांनी वतनदारीला जो लगाम घातला होता तो या धामधुमीत निसटला. पुढे मराठी सत्ता सरंजामदारांच्या ओढाताणीत विदीर्ण झाली, तिचे बीज याच काळात पडले. ज्या कारभारात या सनदा सुटल्या त्यात अग्रभागी असलेल्या रामचंद्रपंतांनीच पुढे ‘आज्ञापत्रा’त वतनदारांपासून राज्याला असणाऱ्या धोक्याविषयी इतक्या पोटतिडिकीने लिहावे, यात पश्चात्ताप किती आणि शहाणपण किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. गादीवर कोणी स्थिर नसले म्हणजे कर्तृत्वाला वाव मिळतो, परंतु शिस्तीला धनी उरत नाही. हा व्यवहार मराठ्यांनी पत्करला, आणि तो पत्करल्यामुळेच ते जगले.

हा विचार करताना मला आपल्याकडच्या जुन्या एकत्र कुटुंबांची आठवण होते. वडील ऐंशीच्या पुढे गेलेले, फडताळाच्या आणि तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या कनवटीला. आणि स्वतः नातवंडांचा आजोबा झालेला पंचावन्न वर्षांचा थोरला मुलगा भाजीसाठी त्यांच्यापुढे हात पसरून उभा. बाहेरून पाहणाऱ्याला त्या घराचे केवढे कौतुक वाटते! एका शब्दावर घर चालते, भांडण नाही, वाटणी नाही. पुढे एके दिवशी म्हातारे डोळे मिटतात, आणि कोणते शेत कोणाकडे गहाण आहे, खरेदीखत कोणत्या बासनात आहे, कुळाकडून किती येणे आहे, यांतले अक्षरही त्या मुलाला ठाऊक नसते. मग वर्षाच्या आत चार चुली होतात, आणि गावातले लोक म्हणतात, पाहा, म्हाताऱ्याने घर कसे एकत्र ठेवले होते! हा निवाडा नेमका उलटा आहे, परंतु राजघराण्यांविषयी इतिहासकारही बहुधा हाच निवाडा देत आले आहेत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने बहात्तर वर्षे राज्य केले, आणि एवढ्या काळात मुलगा व थोरला नातू दोघेही आधी जाऊन शेवटी राज्य पाच वर्षांच्या पणतवाच्या नावावर चढले. तरी वैभवाचे श्रेय लुईला आणि अपयशाचे खापर वारसांच्या माथी, ही वाटणी अजून चालूच आहे.

पेशवाईच्या उत्तरार्धात नाना फडणीसांच्या बाबतीत हेच घडले. चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि बारभाईंच्या कारस्थानातून हळूहळू सारी सूत्रे नानांच्या हाती आली. नानांची बुद्धी, त्यांचे हेरखाते, इंग्रजांचा डाव ओळखण्याची त्यांची दृष्टी, यांची थोरवी मला मान्य आहे. खर्ड्याच्या विजयापर्यंत ती राज्याला तारीत आली. पण ज्याच्या नावाने हा कारभार चालला होता तो मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत नानांच्या पहाऱ्यातच वाढला, आणि १७९५ साली शनिवारवाड्यात वरून पडून गेला. तो अपघात की आत्मघात, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. १८०० च्या मार्चमध्ये नाना वारले, आणि तीन वर्षे पुरी होण्यापूर्वी वसईचा तह झाला. दुसऱ्या बाजीरावाला लाखोली वाहणे सोपे आहे. नानांनी पंचवीस वर्षांत आपल्यामागे उभा राहील असा एक तरी कारभारी का तयार केला नाही, हा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि तो विचारल्याने नानांचा उपमर्द होतो असे मला वाटत नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला थोरले शाहू महाराज. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांचा अभिषेक झाला आणि १७४९ च्या डिसेंबरात ते वारले, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे. मोगलांच्या कैदेत बालपण आणि तारुण्य घालविलेल्या या राजाने हाताखालच्या माणसाला मोकळे सोडण्याची जी विद्या साधली होती ती आपल्या इतिहासात दुर्मिळ आहे. बाळाजी विश्वनाथाच्या मागे विशीतल्या बाजीरावाला पेशवाई देताना दरबारातल्या जुन्या मुत्सद्द्यांचा विरोध त्यांनी मानला नाही. आणि पुढे वीस वर्षे बाजीराव उत्तरेत काय करतो आहे याचा जाच त्यांनी त्याला लावला नाही. इथे दीर्घ राज्यातही उमेदवार थकला नाही, कारण राजाने त्याला काम दिले. परंतु इथेही हिशेब पुरता जुळत नाहीच: काम देता देता सत्ताही गेली. निपुत्रिक शाहूंच्या मागे ताराबाईंनी पुढे आणलेला रामराजा, त्याच्यावरून साताऱ्यात माजलेला गोंधळ आणि १७५० चा सांगोल्याचा करार यांतून छत्रपतींची गादी केवळ वस्त्रे देण्यापुरती उरली. समाज या बेचाळीस वर्षांत निःसंशय बळावला. गादी रिकामी झाली. दोहोंपैकी एकच वाचवायचे असेल तर शाहूंनी जे वाचविले तेच मीही वाचविले असते, परंतु ते त्यांनी बुद्धिपुरस्सर वाचविले की स्वभावाने, याविषयी मी साशंक आहे.

अलीकडच्या काळातले सर्वांत विचारणीय उदाहरण बडोद्याचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक येतो, १८८१ च्या अखेरीस त्याला पूर्ण अखत्यार मिळतो, आणि १९३९ च्या फेब्रुवारीत मृत्यू येईपर्यंत सत्तावन्न वर्षे तो राज्य करतो. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यात लागू केला. म्हणजे तेरा वर्षे थांबून, पाहून, सुधारून. बँक १९०८ साली निघाली; १९१० साली अमेरिकेहून तज्ज्ञ आणून गावोगाव वाचनालये पसरविण्याचे काम हाती घेतले; १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात धाडणारी शिष्यवृत्ती याच राज्याची. दीर्घ राज्याचा जेवढा म्हणून फायदा संभवतो तेवढा इथे झालेला दिसतो.

पण माझ्या मते सयाजीरावांच्या यशाचे एक कारण सहसा कोणी सांगत नाही: ते वारंवार राज्याबाहेर असत. युरोपातले त्यांचे लांब मुक्काम इंग्रज सरकारला खुपत. राजेलोकांनी परदेशी हिंडू नये म्हणून लॉर्ड कर्झनने १९०० साली जे परिपत्रक काढले, त्याचा सयाजीरावांना फार संताप आला. कर्झनला वाटले, राजा नसला की राज्य खोळंबते. प्रत्यक्षात राजा नसल्यामुळेच बडोद्याच्या खात्यांना त्याच्यावाचून चालण्याची सवय लागली. दिवाण बदलत, नियम राहत. हुजूर हुकमापेक्षा छापील कायद्यावर कारकुनाची भिस्त बसली. म्हणून सयाजीरावांच्या हयातीतच युवराज फत्तेसिंहराव वारले, गादी नातवाकडे गेली, दहा वर्षांत संस्थानच मुंबई राज्यात विलीन झाले, तरी शाळा, ग्रंथालये आणि बँक यांना त्याची फारशी झळ लागली नाही. जिथे राजाने स्वतःवाचून चालू दिले नाही तिथली गोष्ट मात्र निराळी. धारासभा त्यांनी स्थापिली, परंतु खरी सत्ता तिच्या हाती कधी दिली नाही. आणि राज्यकारभाराच्या बाबतीत बडोद्याची सुशिक्षित प्रजा शेवटपर्यंत उमेदवारच राहिली.

लोकसत्ताक राज्यांनी या रोगावर मुदतीचे औषध शोधले आहे. अमेरिकेत रूझवेल्ट चार वेळा निवडून आले. १९४५ च्या एप्रिलमध्ये ते वारले तेव्हा ब्याऐंशी दिवस उपाध्यक्षपदी असलेल्या ट्रूमन यांना अणुबाँबच्या उद्योगाची नीट माहितीही नव्हती. त्या देशाने १९५१ साली घटनेत दुरुस्ती करून दोन निवडणुकांची मर्यादा घातली. औषध ठीक आहे, परंतु अर्धेच आहे. कारण खुर्ची सोडूनही किल्ल्या न सोडणारे पुरुष आपण सर्वांनी पाहिले आहेत. आणि जिथे मुदतच नसते तिथले उदाहरण पोर्तुगालच्या सालाझारांचे: ते १९३२ पासून पंतप्रधान होते. १९६१ साली गोव्यात शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा हुकूम त्यांनी लिस्बनहून सोडला, आणि ज्या गव्हर्नर जनरलने तो न मानता शरणागती पत्करून हजारो जीव वाचविले त्याला पुढे शिक्षा केली. साडेचारशे वर्षांची ती सत्ता गेलेली आहे, हे लिस्बनमध्ये त्यांना तोंडावर सांगणारा कोणी उरला नव्हता. १९६८ साली ते आजारी पडले आणि दुसरा पंतप्रधान नेमला गेला. तेव्हा ती गोष्टही त्यांना कळू दिली नाही, आणि मृत्यूपर्यंत दोन वर्षे त्यांच्या बिछान्याशी येऊन मंत्र्यांनी राज्यकारभाराचे सोंग केले, असे सांगतात.

सालाझारांच्या भोवतीच्या माणसांनी हे दयाबुद्धीने केले असेल. औरंगजेबाच्या भोवतीच्यांना तेवढी सवड नव्हती. १७०७ च्या फेब्रुवारीत अहमदनगरच्या छावणीत आपला अंतकाळ जवळ आला हे त्याने ओळखले, आणि आपल्या शेजेभोवतीच मुलांची लढाई जुंपू नये म्हणून कामबक्षाला विजापूरकडे आणि आझमशहाला माळव्याकडे रवाना केले. थोरला मुअज्जम दूर काबूलकडे होता. आझम त्या वेळी त्रेपन्न वर्षांचा. बापाचा हुकूम त्याने मोडला नाही. तो माळव्याच्या वाटेला लागला, पण मजला अगदी लहान लहान करीत. बातमी आली तेव्हा छावणीत परत यायला त्याला फार वेळ लागला नाही.